रस्त्याचं भाडं

शहराच्या वेशीवर पैसे मोजणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. जकातनाका हा शब्द ऐकला नाही असा माणूस माझ्या पिढीत तरी सापडणार नाही. जकात मालावर होती. मुंबईची जकात २०१७ साली जीएसटी आला तेव्हा संपली. टोल मात्र रस्त्याच्या आणि पुलांच्या खर्चासाठी होता, आणि तो गाडीवर होता. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाला, तेव्हा रोज ये-जा करणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आज मला ज्याविषयी बोलायचं आहे, ते या दोन्हींहून निराळं आहे. इंग्रजीत त्याला कंजेशन चार्ज म्हणतात. आपण सोयीसाठी कोंडीशुल्क म्हणू. शहराच्या गजबजलेल्या मध्यभागात, ठरावीक वेळेत, स्वतःची गाडी घेऊन यायचं असेल तर त्याचे पैसे भरायचे, अशी ही व्यवस्था. वरवर पाहता हा टोलच वाटतो. पण टोल आणि कोंडीशुल्क यांचे हेतू एकमेकांच्या अगदी उलट आहेत. नाक्यावरून जितक्या जास्त गाड्या जातील तितका टोलवाला खूश. कोंडीशुल्काचं यश मोजायचं ते न आलेल्या गाड्यांवरून. लोकांनी पैसे भरावेत म्हणून ते नसतंच. काहींनी पैसे वाचवावेत, म्हणजे वेळ बदलावी, रस्ता बदलावा किंवा बस पकडावी, यासाठी ते असतं.

शहरांच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या शुल्काचं कुतूहल वाटतं ते त्यातल्या यंत्रांमुळे नाही. रस्ता कुणाचा, आणि रस्त्यावरची गर्दी कुणामुळे, हे दोन जुने प्रश्न या शुल्कानं चव्हाट्यावर आणले, म्हणून.

या कल्पनेचं मूळ शोधत गेलं की आपण केंब्रिजच्या आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञापाशी पोचतो. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात त्यांनी एक साधं उदाहरण दिलं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारे दोन रस्ते आहेत. त्यांच्या उदाहरणात मोटारी नाहीत, गाडे आहेत. प्रत्येक गाडीवान आपल्यापुरता सोयीचा रस्ता निवडतो. पण गर्दीच्या रस्त्यावरचे थोडे गाडे दुसरीकडे वळवले, तर मागे उरलेल्या सगळ्यांचा त्रास बराच कमी होतो आणि दुसऱ्या रस्त्याचा त्रास किंचितच वाढतो. मग गर्दीच्या रस्त्यावर योग्य तेवढा कर बसवला, तर सगळ्यांचंच भलं होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

यातली मेख लक्षात घ्या. भरलेल्या रस्त्यावर मी माझी गाडी घालतो, तेव्हा मला होणारा उशीर मी सोसतो. पण माझ्यामागे असलेल्या शेकडो लोकांना माझ्यामुळे होणारा थोडा थोडा उशीर माझ्या हिशेबात येत नाही. प्रत्येकाचा हिशेब असाच अपुरा, म्हणून सगळ्यांची मिळून कोंडी. शाळांना सुट्टी लागली की सकाळचा रस्ता कसा मोकळा वाटतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. सगळ्या गाड्या काही गायब झालेल्या नसतात. थोड्याच कमी झालेल्या असतात. रस्ता काठोकाठ भरला की शेवटच्या थोड्या गाड्याच सगळा घोटाळा करतात, आणि त्या थोड्या गाड्या हटवल्या की बाकीच्यांची वाट मोकळी होते. कोंडीशुल्काचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

पिगूंच्या तत्त्वाला व्यवहाराचं रूप देण्याचा ध्यास घेतला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम विक्री यांनी. दिवाळीत खासगी बसचं भाडं चढतं आणि पावसाळ्यात उतरतं, हे आपण कुरकुरत का होईना मान्य करतो. मग शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनीवरचा रस्ता सकाळी नऊ वाजता आणि रात्री दोन वाजता सारखाच फुकट का, असा विक्री यांचा सवाल होता. १९५९ साली अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे त्यांनी वॉशिंग्टन शहरासाठी योजना मांडली. प्रत्येक गाडीवर विद्युत उपकरणाची ओळखखूण असावी, ती चौकाचौकांत नोंदली जावी आणि महिन्याच्या शेवटी टेलिफोनसारखं बिल यावं, असं ते म्हणत होते. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे १९६४ साली ब्रिटनमध्ये रूबेन स्मीड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंही असं शुल्क तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि आर्थिकदृष्ट्या फायद्याचं आहे, असा अहवाल दिला. अहवालांचं नेहमी जे होतं तेच त्याचंही झालं. तो कपाटात गेला.

कपाटातली कल्पना रस्त्यावर उतरली ती सिंगापुरात. तारीख होती २ जून १९७५, सोमवार. त्या वेळी ना संगणकाचं जाळं होतं, ना कॅमेरे. सिंगापूरची मेट्रोही अजून बारा वर्षं दूर होती. सरकारनं शहराच्या मध्यभागी सुमारे सहा चौरस किलोमीटरचा भाग आखला आणि त्यात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक कमान उभी केली. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात कमानीखालून गाडी न्यायची, तर समोरच्या काचेवर परवान्याचा कागद चिकटवलेला हवा. दिवसाचे तीन सिंगापूर डॉलर, महिन्याचे साठ. परवाना टपाल कचेरीत आणि पेट्रोल पंपावर मिळे. कमानीपाशी उभे असलेले पहारेकरी कुणालाही अडवत नसत. कागद नसलेल्या गाडीचा क्रमांक नुसता टिपून घेत आणि दंडाची नोटीस घरी जाई. बस, मालवाहू गाड्या आणि मोटारसायकली यांना माफी होती. चार किंवा जास्त माणसं बसलेल्या मोटारीलाही माफी होती.

परिणाम पाहून योजना आखणारेही चकित झाले. त्या वेळेतली वाहतूक पाव भागानं किंवा फार तर तीस टक्क्यांनी कमी व्हावी, असा त्यांचा अंदाज होता. ती सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी उतरली. आणि मग माणसाच्या चतुराईचे नमुने दिसू लागले. साडेनऊ वाजायची वाट पाहत गाड्या वेशीबाहेर ताटकळू लागल्या आणि साडेनऊच्या ठोक्याला झुंबड उडू लागली. दोन-तीन महिन्यांत सरकारला वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. चार माणसांची अट पुरी करण्यासाठी गाडीवाले बसच्या थांब्यावर थांबून अनोळखी माणसांना आत घेऊ लागले. गाडीवाल्याचे तीन डॉलर वाचत, पाहुण्याचं बसभाडं वाचे.

सगळंच साधलं असं नाही. वेशीबाहेर मोठे वाहनतळ बांधले होते. तिथं गाडी ठेवा आणि छोट्या बसनं मध्यभागात जा, अशी सोय होती. ते वाहनतळ ओस पडले. एकदा गाडीत बसलेला माणूस मध्येच उतरून बस पकडत नाही. त्याला बसनंच जायचं असेल, तर तो घराजवळच्या थांब्यावरूनच जातो. दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळची गर्दी आपोआप कमी होईल हा अंदाजही चुकला. सकाळी मध्यभाग टाळून वळसा घालणारे लोक संध्याकाळी फुकट म्हणून सरळ मधूनच घरी जात. शेवटी १९८९ साली संध्याकाळीही शुल्क लागू झालं. त्याच वेळी मोटारसायकली आणि मालगाड्यांची माफी गेली, चार माणसांची सवलतही संपली.

१९९८ च्या सप्टेंबरात कागदाची जागा विजेरी यंत्रणेनं घेतली. गाडीत एक छोटं यंत्र, त्यात पैसे भरलेलं कार्ड, आणि कमानीखालून जाताच पैसे वजा. आता दर वेळेप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलू शकत होता. या व्यवस्थेतला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर वाहनांचा वेग ताशी वीस ते तीस किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर पंचेचाळीस ते पासष्ट किलोमीटर राहावा, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. वेग त्याखाली गेला तर दर वाढवायचा आणि वेग त्याहून जास्त झाला तर दर कमी करायचा. म्हणजे रस्ता फार मोकळा पडला तर तोही दोष. लोकांनी पैसे मोजून बांधलेला रस्ता विनाकारण रिकामा ठेवायचा नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत सिंगापूरचे रस्ते रिकामे झाले, तेव्हा हे शुल्क सगळीकडे शून्यावर आणलं गेलं. सरकारला केवळ महसूल हवा असता, तर हे झालं नसतं.

यावर कुणी म्हणेल, सिंगापूरचं सरकार कडक, तिथं काहीही चालतं. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्याची परीक्षा हाँगकाँगमध्ये झाली. १९८३ ते १९८५ या काळात हाँगकाँगनं विजेरी कोंडीशुल्काची चाचणी घेतली, म्हणजे सिंगापूरच्या कितीतरी आधी. गाड्यांच्या तळाशी ओळखयंत्र बसवलं, रस्त्याखाली तारा पुरल्या. यंत्रणा उत्तम चालली, पण योजना बुडाली. आपली गाडी कुठल्या वेळी कुठं होती, हे सरकारला कळणार, ही भीती लोकांच्या मनात बसली. शहर पुढे चीनच्या ताब्यात जाणार हे ठरलं होतं, त्या काळात ही भीती स्वाभाविकच होती. यंत्रावर लोकांचा विश्वास होता, ते ज्याच्या हाती जाणार त्याच्यावर नव्हता. मला वाटतं, इथून पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यावर फिरतो.

आता लंडन. मध्य लंडनमधल्या वाहतुकीच्या वेगाची तुलना लोक घोडागाडीच्या जमान्याशी करत. १९९९ च्या कायद्यानं लंडनच्या महापौराला कोंडीशुल्क लावण्याचा अधिकार दिला, आणि त्यातून मिळणारा निव्वळ पैसा पहिली दहा वर्षं वाहतुकीवरच खर्च करायचं बंधनही घातलं. २००० साली केन लिव्हिंगस्टन अपक्ष म्हणून महापौरपदी निवडून आले, आणि त्यांनी हे शुल्क लावणार असं आधीच जाहीर केलेलं होतं. वेस्टमिन्स्टरची पालिका न्यायालयात गेली आणि २००२ साली हरली. वर्तमानपत्रांनी महापौराची राजकीय कारकीर्द संपल्याची भाकितं केली.

१७ फेब्रुवारी २००३ रोजी शुल्क सुरू झालं. सुमारे एकवीस चौरस किलोमीटरचा भाग, सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा, दिवसाला पाच पौंड. लंडनमध्ये नाकाही नाही आणि कमानही नाही. रस्त्यावर लाल वर्तुळातलं पांढरं इंग्रजी ‘सी’ हे अक्षर आणि खांबांवर शेकडो कॅमेरे. कॅमेरा गाडीच्या नंबरप्लेटचं छायाचित्र घेतो, संगणक तो क्रमांक वाचतो आणि पैसे भरलेल्यांच्या यादीशी ताडून पाहतो. सुरुवातीला पैसे दुकानात, टेलिफोनवर, इंटरनेटवर किंवा मोबाइलच्या संदेशानं भरता येत. न भरणाऱ्याला ऐंशी पौंड दंड, लवकर भरला तर निम्मा. टॅक्सी, मोटारसायकली आणि अपंगांची वाहनं यांना माफी, आत राहणाऱ्यांना नव्वद टक्के सूट.

पहिल्या वर्षात आत येणाऱ्या चारचाकी आणि मोठ्या वाहनांत अठरा टक्के घट झाली आणि कोंडीमुळे होणारा उशीर सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाला. ज्या महापौराची कारकीर्द संपणार होती, तो २००४ साली पुन्हा निवडून आला. हे कसं जमलं? एक कारण असं की शुल्काआधीही सकाळच्या वेळी मध्य लंडनमध्ये येणाऱ्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के लोक आगगाडीनं, भुयारी रेल्वेनं आणि बसनंच येत होते. रस्ता अडवणारे मोटारवाले थोडे आणि त्यांच्यामागे अडकलेले बसवाले पुष्कळ. दुसरं कारण म्हणजे शुल्क सुरू होण्याच्या सुमारास शहरानं जादा बस रस्त्यावर आणल्या. गाडी घरी ठेवणाऱ्याला थांब्यावर बस दिसली.

पण लंडनची गोष्ट इथं संपवली तर ती अर्धवट राहील. पाच-सहा वर्षांत कोंडी पुन्हा जवळजवळ जुन्या पातळीवर आली. गाड्यांची संख्या कमीच होती. पण जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी रस्ते खोदले जात होते, आणि बस व पादचारी यांना जास्त जागा दिल्यामुळे मोटारींची जागा आकसली होती. पुढच्या दशकात मोबाइलवरून बोलावायच्या भाड्याच्या गाड्यांची भर पडली. त्यांना २०१९ पर्यंत शुल्क माफ होतं. शिवाय दर दिवसाचा एकच होता. एकदा पैसे भरले की दिवसभर फिरा. सिंगापूरसारखा वेगावर लक्ष ठेवून बदलणारा दर लंडननं ठेवला नाही. शुल्क पाचाचं आठ, मग दहा, साडेअकरा आणि २०२० साली पंधरा पौंड झालं. २००७ साली पश्चिमेकडे वाढवलेला भाग बोरिस जॉन्सन महापौर असताना २०११ च्या आरंभी रद्द झाला. लोकांच्या मर्जीवर मिळालेली गोष्ट लोकांच्या मर्जीवर जातेही.

लंडनच्या या कथेत आपलं नावही येतं, आणि ते फारसं भूषणावह नाही. अनेक देशांच्या वकिलाती हे शुल्क भरतच नाहीत. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक प्रतिनिधींना कर माफ असतो, आणि हा करच आहे, असं त्यांचं म्हणणं. लंडनची वाहतूक संस्था म्हणते, हा कर नव्हे, सेवेचं शुल्क आहे. २०२४ साली तिनं जाहीर केलेल्या थकबाकीच्या यादीत पहिली अमेरिका होती, सुमारे १ कोटी ४६ लाख पौंड. दुसरा जपान, आणि तिसरं भारताचं उच्चायुक्त कार्यालय, सुमारे ८५ लाख पौंड. कर की शुल्क हा वाद वरकरणी शब्दांचा वाटतो. पण त्यात मूळ प्रश्नच दडलेला आहे. रस्त्यावरची जागा ही विकत घ्यायची सेवा आहे की सगळ्यांचा सामायिक हक्क? गंमत म्हणजे स्वीडनमध्ये याच गोष्टीला कायद्यानं ‘कर’ म्हटलं जातं.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. तिथल्या महापौर आनिका बिलस्ट्रम यांनी २००२ च्या निवडणुकीपूर्वी असं शुल्क आणणार नाही, असं सांगितलं होतं. निवडणुकीनंतरच्या राजकीय तडजोडीत त्यांना ते आणावं लागलं. लोक चिडले. पाठिंबा तीन माणसांमागे जेमतेम एकाचा. मग एक तोडगा निघाला: आधी सात महिने करून पाहू, मग बंद करू, आणि मग लोकांना विचारू.

ऑगस्ट २००५ मध्ये १९७ नव्या बस आणि सोळा नवे बसमार्ग सुरू झाले. पण नुसत्या जादा बसमुळे मोटारी काही कमी झाल्या नाहीत. ३ जानेवारी २००६ पासून शुल्क सुरू झालं. शहराभोवती अठरा ठिकाणी नोंद व्हायची, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. वेळेनुसार दहा, पंधरा किंवा वीस क्रोनर, आणि दिवसाला फार तर साठ. पहिल्याच दिवसांपासून रस्ते मोकळे दिसू लागले. वेशीवरची वाहतूक एकपंचमांशाहून थोडी अधिक घटली. ३१ जुलैला प्रयोग संपला. शुल्क गेलं आणि गर्दी परत आली, जवळजवळ पूर्वीइतकीच. म्हणजे लोकांना दोन्ही रस्ते पाहायला मिळाले, शुल्काचा आणि बिनशुल्काचा. १७ सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहरातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी होकार दिला. बाहेरून गाडीनं येणाऱ्या शेजारच्या ज्या गावांनी स्वतःचं मतदान घेतलं, तिथं मात्र एकूण बहुमत नकाराचं होतं. हेही विसरू नये. त्याच दिवशीच्या निवडणुकीत बिलस्ट्रम यांचं महापौरपद गेलं. पण शुल्क राहिलं. विरोधात असलेल्या पक्षांनीच सत्तेवर आल्यावर १ ऑगस्ट २००७ पासून ते कायम केलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा पाठिंबा दोनतृतीयांशांच्या पुढे गेला.

स्टॉकहोमचे वाहतूकतज्ज्ञ जोनास एलियासन एक निरीक्षण सांगतात. तुम्ही तुमच्या प्रवासाच्या सवयी बदलल्या का, असं विचारलं तेव्हा बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. गाड्या तर कमी झाल्या होत्या. आपण बदललो, हे लोकांच्या लक्षातच आलं नव्हतं. आठवड्यातली एखादी फेरी टळली, एखादं काम दुसऱ्या वाटेनं झालं, एवढंच. वीस टक्के गाड्या कमी होणं म्हणजे वीस टक्के माणसांनी गाडी विकणं नव्हे. पुष्कळ माणसांनी थोडं थोडं बदलणं.

याच्या उलट चित्र ब्रिटनमधल्या दोन शहरांचं. एडिंबरानं फेब्रुवारी २००५ मध्ये आणि मँचेस्टर परिसरानं डिसेंबर २००८ मध्ये आधीच सार्वमत घेतलं. दोन्हीकडे चारांतल्या जवळजवळ तिघांनी किंवा त्याहून अधिकांनी नकार दिला. तिथले लोक स्टॉकहोमच्या लोकांहून अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांना जाणारा पैसा दिसत होता, येणारा मोकळा रस्ता दिसत नव्हता. न पाहिलेल्या फायद्यासाठी कुणी हातातला पैसा का द्यावा?

आणि विक्री यांचं न्यूयॉर्क? १९९६ साली विक्री यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि तीनच दिवसांनी त्यांचं निधन झालं. त्यांच्या शहरात ही कल्पना आणखी बरीच वर्षं भटकत राहिली. २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी योजना मांडली, ती २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात मतदानालाही आली नाही. २०१९ मध्ये कायदा झाला. जून २०२४ मध्ये सुरुवातीला काही दिवस उरले असताना गव्हर्नर कॅथी होकल यांनी ती थांबवली. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागात ती सुरू झाली. मोटारीला गर्दीच्या वेळी पंधराऐवजी नऊ डॉलर. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या सरकारनं मंजुरी काढून घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेलं, पण मे महिन्यात न्यायालयानं सरकारला अडवलं आणि शुल्क चालू राहिलं. मिळणारा पैसा भुयारी रेल्वे आणि बस यांच्या सुधारणेसाठी बांधलेला आहे.

आता सर्वांत टोचणारा प्रश्न. हे गरिबांवर अन्यायाचं नाही का? श्रीमंताला नऊ डॉलर म्हणजे काहीच नाहीत. त्याला मोकळा रस्ता मिळाला आणि हत्यारांची पेटी घेऊन फिरणारा नळदुरुस्तीवाला अडला, हा कुठला न्याय? हा प्रश्न झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. पहाटेच्या पाळीचा कामगार, आजारी आईला तपासायला नेणारा मुलगा, यांच्यापुढे पर्याय नसतो. न्यूयॉर्कनं कमी उत्पन्नाच्या गाडीवाल्यांना महिन्यातल्या पहिल्या दहा फेऱ्यांनंतर निम्मा दर ठेवला, तो याच विचारानं.

पण प्रश्नाची दुसरी बाजूही पाहायला हवी. आजचा रस्ता फुकट आहे, हाच मुळात भ्रम आहे. त्याची किंमत आपण रोज मोजतो, पैशांत नाही तर वेळेत. मोटारीतला एक माणूस आणि बसमधली पन्नास माणसं एकाच कोंडीत उभी असतात. जागा मोटारवाल्यानं अडवलेली असते आणि वेळ बसवाल्यांचा जातो. त्यांच्यापैकी कुणाची हजेरी लागत नाही, कुणाचा रोज कापला जातो, कुणी पाळणाघरातून मुलाला आणायला उशिरा पोचतं. ही वसुली कुठल्याच नाक्यावर दिसत नाही आणि तिची पावतीही मिळत नाही. शिवाय वेळेत मोजलेली किंमत कुणाच्याच खिशात जात नाही, ती नुसती धुरात जाते. शुल्काचा पैसा निदान बस आणू शकतो. आणतोच असं नाही. आणू शकतो.

म्हणून कुठलंही कोंडीशुल्क न्यायाचं की अन्यायाचं, हे त्याच्या दरावरून ठरत नाही. ते ठरतं त्याच्या आधी काय आलं आणि त्याच्यानंतर पैसा कुठं गेला यावरून. लंडन आणि स्टॉकहोम इथं जादा बस शुल्काच्या आधी किंवा बरोबरीनं रस्त्यावर होत्या. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पैसा कुठं खर्च करायचा, हे कायद्यातच लिहिलं गेलं. सिंगापूरनं दर कधी वाढेल आणि कधी उतरेल याचा नियम जाहीर ठेवला. जिथं हे लोकांना दिसलं नाही किंवा पटलं नाही, तिथं लोकांनी ‘नको’ म्हटलं, आणि माझ्या मते त्यांचं काही चुकलं नाही.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत या शुल्काची चर्चा अधूनमधून डोकं वर काढते. पुढेही काढेल, कारण गाड्या वाढताहेत आणि रस्ते रुंद करायला जागा उरलेली नाही. ती चर्चा पुन्हा निघेल तेव्हा आपण ‘किती रुपये’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असं मला वाटतं. आधी विचारावं, त्या दिवशी सकाळी माझ्या थांब्यावर किती बस येणार आहेत? गोळा झालेल्या पैशाचा हिशेब मला कुठं पाहायला मिळेल? माझ्या गाडीचा क्रमांक टिपला जाईल, तो किती दिवस ठेवणार आणि कुणाला दाखवणार? आणि हे सगळं आधी सहा महिने करून पाहून मग मला विचारणार का? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर खिशात हात घालायला माझी तयारी आहे. नाही मिळाली, तर तो नवा टोलनाकाच समजावा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)